'फेव्हरिट' म्हणजे आवडता की मर्जीतला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या निबंधात, नोकरीच्या मुलाखतीत, क्रिकेटच्या बातमीत, मोबाइलच्या स्क्रीनवर, अगदी रेसकोर्सवरसुद्धा हा शब्द भेटतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ थोडा सरकलेला असतो. मी भाषांतराचं काम करतो. ओळखीपाळखीतली मुलं, त्यांचे पालक आणि काही सहकारी या एका शब्दाबद्दल इतक्यांदा विचारतात की उत्तरं एकदाची लिहून काढली.

'फेव्हरिट' म्हणजे 'आवडता', एवढंच ना?

जवळजवळ. पण 'आवडता' हा शब्द मोठ्या मनाचा आहे. मिसळ आवडते, थालीपीठ आवडतं, साबुदाण्याची खिचडी आवडते, अळूवडी आवडते, आणि हे सगळे आपले आवडते पदार्थ असं बिनदिक्कत म्हणता येतं. 'फेव्हरिट' एवढा सैल नाही. मामी स्वयंपाकघरातून ओरडून विचारते, "अरे, एकच काय ते सांग, काय करू?" तेव्हा तोंडातून पटकन जे निघतं, ते तुमचं फेव्हरिट. म्हणजे अनेकांतून एकाला वेगळं काढणं या शब्दात गृहीतच आहे. म्हणून 'आवडता' पेक्षा 'सगळ्यांत आवडता' हा अर्थ जास्त नेमका बसतो.

त्याखाली आणखी एक थर आहे, तो म्हणजे मर्जीचा. एकाला वेगळं काढलं की बाकीचे मागे पडतात, आणि तिथून हा शब्द आवडीकडून पक्षपाताकडे घसरतो. मराठीत या दोन गोष्टींना वेगवेगळे शब्द आहेत, इंग्रजीत एकावरच भागवतात. गोंधळ होतो तो बहुतेक इथेच.

हे विशेषण आहे की नाम?

दोन्ही. "ब्लू इज माय फेव्हरिट कलर" यात विशेषण, "ब्लू इज माय फेव्हरिट" यात नाम. नाम असेल तेव्हा अनेकवचन होतं: "दीज आर माय फेव्हरिट्स." विशेषण असेल तेव्हा त्याला 'एस' लावायचा नाही. 'माय फेव्हरिट्स साँग्स' असं लिहिलेलं बऱ्याचदा दिसतं, ते चूक.

उच्चार नक्की कसा करायचा? फेव्हरेट, फेवरीट की फेव्हराइट?

'फे' लांब आणि सगळा जोर त्याच्यावर. मधला 'अ' इतका पुसट की भरभर बोलताना गळूनच जातो आणि शब्द 'फेव्-रिट' असा दोन घासांत संपतो. शेवटचा 'रिट' आखूड. स्पेलिंगच्या शेवटी आय-टी-ई दिसल्यावर 'व्हाइट', 'काइट' यांच्या चालीवर 'फेव्हराइट' म्हणणारे भेटतात. चाल चुकीची नाही, पण हा शब्द त्या चालीचा नाही.

देवनागरीत लिहायचं तर 'फेव्हरिट' हे उच्चाराच्या सर्वांत जवळ जातं. 'फेव्हरेट' सर्रास चालतं. 'फेवरेट' हिंदीच्या वळणाचं वाटतं, कारण मराठीत आपण व्हॅन, व्होट, व्हॉल्व्ह असं 'व्ह'नं लिहितो.

स्पेलिंगमध्ये 'यू' हवा की नको?

ब्रिटिश स्पेलिंग एफ-ए-व्ही-ओ-यू-आर-आय-टी-ई. अमेरिकन स्पेलिंगमध्ये 'यू' नाही. कलर, ऑनर, लेबर, नेबर या शब्दांचंही असंच आहे. अमेरिकेतला 'यू' काढण्याचं श्रेय किंवा दोष बऱ्याच अंशी नोआ वेब्स्टर यांच्याकडे जातो. १८२८ मध्ये त्यांचा मोठा शब्दकोश निघाला आणि तिथली ही बिन-'यू'ची स्पेलिंगं पुढे अमेरिकेत रुळली. भारतात आपण ब्रिटिश वळण गिरवतो, म्हणून इथल्या शाळेत, परीक्षेत, सरकारी पत्रात 'यू' ठेवावा.

संगणकावर बरोबर लिहूनही खाली लाल रेघ येत असेल तर त्या मशीनची भाषा अमेरिकन इंग्रजीवर ठेवलेली आहे. ती भारतीय किंवा ब्रिटिश इंग्रजीवर करा, रेघ जाईल. एकाच पानावर एकदा 'यू' आणि एकदा बिन-'यू' एवढं मात्र करू नका.

'मोस्ट फेव्हरिट' म्हणणं चूक आहे का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या जिव्हाळ्याचाही. आठवीत मी 'मँगो इज माय मोस्ट फेव्हरिट फ्रूट' असं लिहिलं होतं आणि 'मोस्ट'भोवती लाल शाईचं असं काही वर्तुळ आलं की कागद पलीकडून फाटला होता. कारण कोणी सांगितलं नाही. ते बऱ्याच वर्षांनी कळलं.

'फेव्हरिट' मध्ये 'सगळ्यांत जास्त' आधीच आहे. त्याला 'मोस्ट' लावणं म्हणजे 'सर्वोत्तम'ला 'सर्वांत सर्वोत्तम' म्हणण्यासारखं. तरी आपण मराठी माणसं ही चूक का करतो? कारण आपण 'फेव्हरिट' म्हणजे 'आवडता' असं पाठ केलेलं असतं. मग 'सगळ्यांत आवडता' म्हणायचं तर 'सगळ्यांत'साठी 'मोस्ट' आणि 'आवडता'साठी 'फेव्हरिट', हिशेब चोख! तर्क आपला बरोबर असतो, पाठ केलेला अर्थच अर्धा असतो.

गप्पांमध्ये इंग्रज आणि अमेरिकन लोकही भर देण्यासाठी कधी कधी 'मोस्ट फेव्हरिट' म्हणून जातात. बोलताना कोणी अडवत नाही. परीक्षेत, अर्जात, लेखात टाळा. जोर द्यायचाच असेल तर 'ऑल-टाइम फेव्हरिट' किंवा 'ॲब्सोल्यूट फेव्हरिट' म्हणा. 'सेकंड फेव्हरिट' आणि 'लीस्ट फेव्हरिट' मात्र चालतात. पहिला म्हणजे आवडीच्या यादीतला दुसरा, दुसरा म्हणजे यादीच्या तळाशी बसलेला. 'लीस्ट' चालतं आणि 'मोस्ट' चालत नाही यात न्याय नाही हे मान्य, पण भाषेत न्याय शोधायला जाऊ नये.

मग 'मोस्ट फेव्हर्ड नेशन' कसं बरोबर?

तो शब्द वेगळा आहे. 'फेव्हर्ड' म्हणजे ज्याला झुकतं माप मिळालं आहे असा. झुकतं माप कमी-जास्त असू शकतं, म्हणून तिथे 'मोस्ट' बसतो.

गंमत अशी की व्यापारातल्या या संज्ञेचा अर्थ नावाच्या जवळपास उलटा आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत एखाद्या देशाला हा दर्जा देणं म्हणजे त्याला डोक्यावर बसवणं नव्हे. इतर कोणत्याही देशाला जी सर्वांत चांगली सवलत देतो तीच यालाही देऊ, एवढंच ते आश्वासन. म्हणजे लाडका नव्हे, सगळ्यांच्या पंक्तीला बसवलेला. भारतानं पाकिस्तानला हा दर्जा १९९६ मध्ये दिला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर काढून घेतला. तेव्हा 'पाकिस्तान आपला मोस्ट फेव्हरिट कसा?' असा संताप बऱ्याच जणांनी व्यक्त केला होता. त्यातला निम्मा गैरसमज या दोन शब्दांच्या सरमिसळीतून आला होता.

एकाहून जास्त फेव्हरिट असू शकतात का?

काटेकोरपणे पाहिलं तर एका गटात एकच. व्यवहारात कोणी इतकं काटेकोर नसतं. "इट्स वन ऑफ माय फेव्हरिट साँग्स" हे अगदी शुद्ध वाक्य आहे. 'वन ऑफ' आलं की पुढचं नाम अनेकवचनी हवं. 'वन ऑफ माय फेव्हरिट साँग' असं आपण जे म्हणतो त्यात 'साँग'चा 'एस' राहून गेलेला असतो.

लाइक, लव्ह, फाँड ऑफ, प्रिफर आणि फेव्हरिट यांत फरक काय?

'लाइक' म्हणजे साधं आवडणं. 'लव्ह' म्हणजे खूप आवडणं. वडापावसाठीही चालतं, त्यात प्रेमप्रकरण शोधू नये. 'फाँड ऑफ' मध्ये सवयीची, जिव्हाळ्याची आवड असते. आजोबांना पान आवडतं, तसं. 'प्रिफर' मध्ये दोहोंतली निवड असते आणि त्यानंतर 'दॅन' नाही, 'टू' येतो: "आय प्रिफर टी टू कॉफी." इथे 'दॅन' घालण्याची चूक 'मोस्ट फेव्हरिट'च्या खालोखाल दिसते.

यात 'लाइक'ची कथा मला फार आवडते. मराठीत आपण 'मी आंबा आवडतो' म्हणत नाही, 'मला आंबा आवडतो' म्हणतो. कर्तेपण आंब्याकडे, आपण नुसते 'मला' म्हणून कोपऱ्यात उभे. क्रियापदसुद्धा आंब्याच्या मागे जातं: मला आंबा आवडतो, मला चिंच आवडते, मला केळं आवडतं. इंग्रजी शिकताना 'आय लाइक' मध्ये सगळं 'मी'कडे येतं याचं आपल्याला आश्चर्य वाटतं. पण हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी आपल्यासारखीच होती! तेव्हा 'लाइक' म्हणजे 'रुचणे, पसंत पडणे', आणि ज्याला रुचलं तो चतुर्थीत. पुढच्या काळात 'मी लाइक्थ' अशी रूपं होती. त्यातला 'मी' म्हणजे इंग्रजीतला 'मी', अर्थ 'मला'. हळूहळू ती रचना मागे पडली आणि 'आय लाइक' रुजलं. म्हणजे या बाबतीत आपण मागासलेले नाही, इंग्रजीनंच घर बदललं.

"आय फेव्हरिट धिस साँग" म्हणता येईल का?

नको. 'फेव्हरिट' हे मूळचं क्रियापद नाही. "धिस इज माय फेव्हरिट साँग" म्हणा.

इंटरनेटनं यात थोडी ढवळाढवळ केली. ट्विटरवर एखादी पोस्ट आवडली की चांदणीवर टिचकी मारायची, त्याला 'फेव्हरिट करणं' म्हणत. नोव्हेंबर २०१५ मध्ये चांदणी गेली, बदाम आला आणि शब्दही बदलून 'लाइक' झाला. तेवढ्या काळात 'आय फेव्हरिटेड इट' हे रूप बऱ्यापैकी पसरलं. ॲपमधल्या कृतीबद्दल बोलताना ते खपतं, निबंधात नाही.

कोणतं शब्दयोगी वापरायचं? टू, ऑफ, विथ की फॉर?

आपलं असेल तर 'ऑफ': "धिस शर्ट इज अ फेव्हरिट ऑफ माइन." 'ऑफ मी' नाही, 'ऑफ माइन'. एखाद्या गटात प्रिय असेल तर 'विथ': "पुरणपोळी इज अ फेव्हरिट विथ अवर गेस्ट्स." जिंकण्याची शक्यता असेल तर 'टू विन' किंवा 'फॉर द टायटल'. 'धिस इज फेव्हरिट टू मी' हे 'मला आवडतं'चं शब्दाला शब्द ठेवलेलं भाषांतर आहे, इंग्रजीत ते बसत नाही.

बातम्यांत 'हॉट फेव्हरिट' म्हणतात, तेव्हा तो संघ कोणाचा आवडता असतो?

कोणाचाही नाही. तिथे आवडीचा काही संबंध नाही. 'जिंकण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेला' एवढाच अर्थ.

हा अर्थ घोड्यांच्या शर्यतीत पक्का झाला. मुंबईत महालक्ष्मीला किंवा पुण्यात रेसकोर्सवर जाऊन आलेल्यांना हे सांगायला नको. ज्या घोड्यावर सर्वांत जास्त पैसा लागतो तो फेव्हरिट. पैसा जास्त लागला की भाव उतरतो, म्हणून फेव्हरिट जिंकला तरी हातात फारसं येत नाही. तुमच्या मनातून तो घोडा उतरलेला असला तरी फेव्हरिट तोच. मराठीत इथे 'आवडता' लिहिलं तर अनर्थ होतो. 'प्रबळ दावेदार' किंवा 'संभाव्य विजेता' हे शब्द बरोबर बसतात. एकदा एका मजकुरात 'ऑस्ट्रेलिया हा या स्पर्धेचा लाडका संघ आहे' असं वाक्य माझ्यासमोर आलं होतं. भारतीय वाचकाच्या पोटात गोळा आला असता.

फेव्हरिट जिंकतोच असं नाही. २५ जून १९८३, लॉर्ड्स. वेस्ट इंडीज दोन वेळचे विश्वविजेते, फेव्हरिट तेच. भारत १८३ धावांत गारद, तेव्हा तर ते आणखीच फेव्हरिट झाले असतील. मग वेस्ट इंडीज सर्वबाद १४०. आपल्या घरात त्या रात्री फेव्हरिट कोण होतं आणि मैदानात फेव्हरिट कोण होतं, यातला फरक हाच या शब्दाच्या दोन अर्थांतला फरक. फेव्हरिटच्या समोर उभ्या असलेल्या, कोणी हिशेबात न धरलेल्या संघाला 'अंडरडॉग' म्हणतात.

'ही इज द बॉसेस फेव्हरिट' ही स्तुती की टोमणा?

बहुतेक वेळा टोमणा. मराठीत तो 'साहेबांच्या मर्जीतला' होतो. जरा तिखट हवं असेल तर 'चमचा', पण मग दोष साहेबांकडून त्या माणसाकडे सरकतो, हे भान ठेवा. शाळेत अशा मुलाला इंग्रजीत 'टीचर्स पेट' म्हणतात.

हा अर्थ नवा नाही, उलट हा शब्द इंग्रजीत रुजला तो राजदरबारात. राजाच्या मर्जीतला, राजाच्या कानाशी बसणारा, आणि म्हणून बाकी सरदारांच्या डोळ्यांत खुपणारा माणूस म्हणजे फेव्हरिट. पहिल्या एलिझाबेथचा अर्ल ऑफ एसेक्स असा होता. मर्जी फिरली, त्यानं बंड केलं आणि १६०१ मध्ये त्याचं मुंडकं उडालं. पहिल्या जेम्सचा आणि नंतर पहिल्या चार्ल्सचा लाडका ड्यूक ऑफ बकिंगहॅम १६२८ मध्ये पोर्ट्समथला भोसकला गेला. इंग्लंडच्या इतिहासात फेव्हरिट होणं प्रकृतीला मानवत नसे.

आपल्याकडेही हा शब्द एका माणसाला चिकटला. दुसऱ्या बाजीरावाच्या मर्जीतले त्रिंबकजी डेंगळे. इंग्रजी इतिहासात त्यांचा उल्लेख पेशव्याचा फेव्हरिट असाच होतो. १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला, इंग्रजांनी ठपका त्रिंबकजींवर ठेवला, त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं, आणि १८१६ मध्ये ते तिथून निसटले. इंग्रज लेखक त्यांना फेव्हरिट म्हणतो तेव्हा नुसतं 'पेशव्याला आवडायचे' असं सांगत नाही. 'पात्रतेनं नव्हे, मर्जीनं वर आलेला माणूस' असा शिक्का मारत असतो. अशा ठिकाणी 'आवडता' लिहिलं तर तो शिक्का पुसला जातो. 'मर्जीतला' लिहिलं तर राहतो.

मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता?

जागा पाहून. निबंधात 'आवडता'. घरात 'लाडका'. कचेरीत 'मर्जीतला'. मैदानावर 'प्रबळ दावेदार'. नेता किंवा नट सगळ्या गावाचा फेव्हरिट असेल तर 'गळ्यातला ताईत' यासारखा शब्द नाही. दुकानदारानं 'कस्टमर फेव्हरिट' अशी पाटी लावली असेल तर 'ग्राहकांच्या पसंतीचे'.

विरुद्ध अर्थाचा शब्द मात्र आपल्याकडे इंग्रजीहून सरस आहे. इंग्रजीत 'अनफेव्हरिट' असं कोणी म्हणत नाही. आपल्या गोष्टींतल्या राजाला दोन राण्या असतात, एक आवडती आणि एक नावडती. आणि 'नावडतीचं मीठ अळणी' या तीन शब्दांत फेव्हरिटिझमचं सगळं शास्त्र आहे: मिठात खोट नसते, खाणाऱ्याच्या जिभेत असते.

'फेव्हरिटिझम' म्हणजे वशिलेबाजी का?

थोडा फरक आहे. वशिल्याला मधला माणूस लागतो, ओळख लागते, चिठ्ठी लागते. फेव्हरिटिझमला त्यातलं काही लागत नाही, वरच्याचं मन बसलं की पुरे. 'पक्षपात' किंवा 'झुकतं माप' हे जास्त जवळचे. नातेवाइकांसाठी केलं तर त्याला वेगळा शब्द आहे, 'नेपोटिझम'.

फेव्हर, फेव्हरेबल आणि फेव्हरिट यांचा एकमेकांशी संबंध आहे का?

एकाच घरातले. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ मेहेरनजर ठेवणे, अनुकूल असणे. तिथून 'फेव्हर', म्हणजे कृपा किंवा उपकार. 'डू मी अ फेव्हर' म्हणजे माझं एक काम कर. 'इन फेव्हर ऑफ' म्हणजे च्या बाजूनं. 'फेव्हरेबल' म्हणजे अनुकूल: हवामान, निकाल, अटी. 'फेव्हरिट' इटालियनमधून फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला, आणि त्याचा मूळ अर्थ 'ज्याच्यावर मेहेरनजर झाली तो'. म्हणजे दरबारी अर्थ आधीचा. आपलं आवडतं गाणं, आवडता रंग हे नंतर त्यात येऊन बसले.

मराठी बोलताना सरळ 'फेव्हरिट' म्हटलं तर चालेल का?

न चालायला काय झालं, चालतंच आहे. त्याची एक सोयही आहे. 'आवडता'ला लिंग-वचनाप्रमाणे रूप बदलावं लागतं: आवडता रंग, आवडती भाजी, आवडतं पुस्तक, आवडते शिक्षक. 'फेव्हरिट' जसाच्या तसा राहतो आणि सगळा भार 'माझा-माझी-माझं' वाहतात. 'टीचर'सारख्या शब्दाशी तर फारच सोय, बाई की सर हे 'माझी' किंवा 'माझे' वरून कळतं. इंग्रजीत 'माय फेव्हरिट टीचर' वर ते कळायला मार्ग नाही. भाषांतर करताना मी अशा वाक्यापाशी थांबतो आणि पुढच्या परिच्छेदात 'शी' आहे की 'ही' ते आधी शोधतो.

ब्राउजरमधले 'फेव्हरिट्स' आणि 'फेव्हिकॉन' हे काय?

पुन्हा पुन्हा उघडायची पानं साठवण्याच्या जागेला इंटरनेट एक्सप्लोररनं 'फेव्हरिट्स' नाव दिलं, इतर ठिकाणी त्याला 'बुकमार्क' म्हणतात. त्या यादीत पानाच्या नावाशेजारी जे चिमुकलं चित्र दिसायचं ते 'फेव्हरिट आयकॉन', आखूड करून फेव्हिकॉन. १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर ते आलं. फेव्हिकॉलशी नातं नाही, तरी हा प्रश्न मला दोनदा आला आहे.

मुलाखतीत 'व्हॉट इज युवर फेव्हरिट सब्जेक्ट?' विचारलं तर?

एकच सांगा. 'ऑल सब्जेक्ट्स आर माय फेव्हरिट' हे उत्तर नम्र वाटतं, पण ज्याला शब्द कळतो त्याला ते उत्तरच वाटत नाही. विषय सांगितला की लगेच 'बिकॉज' येऊ द्या, कारण पुढचा प्रश्न 'व्हाय?' हाच असतो.

मुलानं विचारलं, "आई, आमच्यातलं तुझं फेव्हरिट कोण?" तर इंग्रजीत काय सांगायचं?

"आय डोन्ट प्ले फेव्हरिट्स." 'प्ले फेव्हरिट्स' म्हणजे डावं-उजवं करणं, आणि इथे 'प्ले' चा खेळण्याशी संबंध नाही. आमच्या आईकडे याचं मराठी उत्तर तयार असायचं: "दोन डोळ्यांतला कुठला फोडू, सांग." मग धाकट्याच्या ताटात साय जरा जास्त पडायची.